‘ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठणठणीत’ हे खरं नाही

सध्या फिरणारा एक मेसेज सांगतो: तरणंताठं पोर पळताना बेशुद्ध पडलं तर तो अशक्तपणा किंवा फिट, ईसीजी नॉर्मल आला की हृदयाचा प्रश्न मिटला, घरात कुणाला त्रास नसेल तर आनुवंशिक काही नाही. लाँग क्यूटी सिंड्रोम, म्हणजे हृदयाची विद्युत लय बिघडवणारा आजार, असलेल्या मुलाच्या जिवावर बेतेल असा हा सल्ला आहे.

आधी बेशुद्धीचं. या आजारात बहुधा पेशींतून पोटॅशियम किंवा सोडियमची ये-जा जन्मतःच बिघडलेली असते. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ घेतं. तेवढ्यात अवेळी ठोका पडला, की खालचे कप्पे बेफाम वेगाने थरथरू शकतात, मेंदूला रक्त पोचत नाही, मूल कोसळतं, हातपाय झटकतं. बघणाऱ्याला ती फिटच वाटते. काहींना फिटच्या गोळ्याही सुरू होतात! म्हणून पडलं कधी, हे आधी विचारा. या आजाराच्या पहिल्या प्रकारात पळताना, विशेषतः पोहताना. दुसऱ्यात गजर किंवा फोन वाजून दचकल्यावर. तिसऱ्यात बहुधा झोपेत. उपाशीपोटी उन्हात उभं राहून येणारी भोवळ वेगळी.

आता ईसीजी. कागदावरचा एक लहान चौकोन 40 मिलिसेकंदांचा. क्यूटीचं अंतर (ठोक्याची विद्युत लाट सुरू झाल्यापासून खालचे कप्पे पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) त्यावर हाताने मोजून ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त करावं लागतं. मशीनने छापलेल्या शेऱ्यावर विसंबून चालत नाही. शिवाय जनुकात दोष असलेल्या चौघांपैकी साधारण एकाचा स्वस्थ असतानाचा आकडा नॉर्मलच येतो. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तर रचना दाखवतो, हा दोष त्यात दिसत नाही.

घरात त्रास नाही, यालाही अर्थ नाही. आईला किंवा वडिलांना दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के, आणि त्या पालकाला आयुष्यभर काहीही झालेलं नसू शकतं. एकाचं निदान झालं की आईवडील, भावंडं सगळ्यांची तपासणी करा.

उपचार आहेत: बीटा ब्लॉकर गोळ्या, गरज पडल्यास छातीत बसवायचं आयसीडी (लय बिघडली की शॉक देणारं यंत्र). गोळ्या मनाने बंद करू नका. अॅझिथ्रोमायसिन, डॉम्पेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन अशी नेहमीची औषधंही क्यूटी लांबवतात. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि कोसळलेलं मूल नीट श्वास घेत नसेल, तर चप्पल-कांदा हुंगवत बसू नका. 108 ला फोन लावा, छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा, जवळ एईडी (बाहेरून शॉक देणारं यंत्र) असेल तर मागवा.