एकत्र कुटुंबाविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. एकत्र कुटुंबातील मुलेच समंजस निघतात, विभक्त कुटुंबातील एकलकोंडी होतात, एकुलते मूल हमखास हट्टी बनते, पाठोपाठची दोन मुले एका खर्चात वाढतात आणि घरात आजी असताना अंगणवाडी हवी कशाला, असा त्याचा आशय आहे.

मुळात ही विभागणीच कच्ची आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलाचार या गोष्टी धरल्या होत्या. आता बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यात नोकरी करणारा, शहापुरात भाड्याने राहणारा, पण खानापूरकडील शेत भावांसोबत सामाईक ठेवून सुगीला आणि गणपतीला गावी जाणारा माणूस कोणत्या रकान्यात बसवायचा? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुव्याच्या अभ्यासात हेच दाखवले होते की, चुली वेगळ्या झाल्या तरी जबाबदाऱ्या आणि देवघेव एकत्र राहू शकतात.

मोठ्या घरात मुलाला जास्त माणसे लाभतात, हे मान्यच आहे. मात्र त्या माणसांना उसंत आहे का, हे संदेशकर्ता विचारत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या कुटुंबात आई आणि आजी दोघीही मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसलेल्या असतात, मूल शेजारीच खेळते आणि तंबाखूची धूळ त्याच्याही नाकात जाते. तिथे मूल एकटे नसते, तरीही त्याच्याशी निवांत बोलणारे, त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे, घास भरवताना घाई न करणारे कोणी असेलच असे नाही. उलट दोन खोल्यांच्या घरात कामावरून आल्यावर मुलाला जेवू घालणारा आणि त्याच्याशी गप्पा मारणारा बाप असेल, तर त्या मुलाचे काही अडत नाही. (बापाचा उल्लेख त्या संदेशात फक्त कमावता म्हणून येतो, हेही बोलके आहे.)

एकुलत्या मुलाबद्दलचा आरोप जुना आहे. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या संशोधकांनी 1986 साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्वभाव आणि मिळून-मिसळून वागणे यांत एकुलती मुले इतरांपेक्षा कमी पडत असल्याचे आढळले नाही.

पाठोपाठच्या बाळंतपणांचा सल्ला तर घातक आहे. एका प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान 24 महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंतर फार कमी राहिल्यास बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, आणि वाचवलेला खर्च दवाखान्यात जातो.

राहिली अंगणवाडी. जिच्यातून अंगणवाड्या आल्या ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी सुरू झाली आणि त्यांतील एक कर्नाटकातील टी. नरसीपुरात होता. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. आजीच्या मायेत काही कमी नसते, पण गल्लीतली बरीच मुले खुजी असली की आपले नातवंडही तिला ठीकच वाटते. अंगणवाडीतले उंचीचे मोजमाप आणि वाढीचा तक्ता मात्र ते खुजेपण दाखवून देतो, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे समवयस्कांसोबतचे पूर्वप्राथमिक शिक्षणही मिळते.