निळ्या लाटा, अणुपाणबुडी आणि काकीच्या पाटीतले बांगडे

गेल्या आठवड्यात काकीचा फोन आला. देवगडच्या बाजारात ती तीस वर्षं मासे विकते. म्हणाली, "आज पाटी तशीच परत हाडलंय गो. लोका इचारतत, ह्या बांगड्यांत अणू असा काय?"

मेसेज तोवर माझ्याकडेही तीन ग्रुपांतून आला होता. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: विजयदुर्गच्या खाडीत अणुपाणबुडीचा गुप्त तळ झालाय, तिच्या किरणोत्सर्गाने रात्री लाटा निळ्या चमकतात, ही पाणबुडी म्हणजे तरंगता अणुबॉम्ब आहे, ती रोज विषारी पाणी सोडते, मासळी त्यामुळेच आटली, आणि गरोदर बायका व मुलांनी सहा महिने मासे खाऊ नयेत. सोबत रात्रीच्या निळ्या लाटांचा व्हिडिओ. डोंबिवलीला माझी वहिनी सात महिन्यांची गरोदर आहे. तिने हे वाचून मासे बंद केले. म्हणून लिहायला बसले.

निळ्या लाटांपासूनच सुरुवात करते, कारण सगळा मेसेज त्या व्हिडिओवर उभा आहे. व्हिडिओ खरा आहे. थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यावर असं पाणी मी लहानपणापासून बघत आले आहे. आजोबा रापणकर होते, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारे. ते याला 'पाणी पेटलं' म्हणायचे आणि अमावास्येच्या काळोखात या उजेडावरून तारल्यांचा थवा कुठे वळतोय ते ओळखायचे. तेव्हा देशाने स्वतःची अणुपाणबुडी बांधलीही नव्हती.

हा उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा. गेल्या डिसेंबरात रात्री गुडघाभर पाण्यात उतरून मी लोणच्याची रिकामी बरणी भरून आणली होती. अंधाऱ्या खोलीत ओट्यावर ठेवली तर काळं पाणी, काहीच नाही. बरणी हलवली की आत निळी ठिणगी फुटल्यासारखं व्हायचं आणि विझायचं. दिवा लावून बघितलं तर मोहरीहून बारीक, भिजलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक ठिपके तरंगत होते. डिवचलं की उजेड, नाही डिवचलं की काळोख. लाट फुटते तिथे, वल्हं पडतं तिथे, पाऊल पडतं तिथेच समुद्र चमकतो तो यामुळे. किरणोत्सर्ग पाय लागायची वाट बघत नाही.

मेसेजवाल्याने इथे एक अर्धसत्य घुसडलंय: 'अणुभट्टीतलं पाणीही निळंच चमकतं.' चमकतं, हे खरं. ट्रॉम्बेच्या अप्सरा अणुभट्टीत 1956 पासून शास्त्रज्ञांनी तो निळा उजेड पाहिलाय. पण तो इंधनाच्या अगदी भोवती असतो, सलग असतो, आणि माणूस व इंधन यांच्यामध्ये कित्येक मीटर पाणी असतं म्हणूनच तो बघता येतो. देवगडच्या लाटा त्या कारणाने चमकत असत्या, तर त्यांत नाचत व्हिडिओ काढणारी पोरं जिवंत घरी आली नसती.

एवढं मात्र मान्य करते, की हे जीव फार माजले आणि मरून कुजले की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे तिथून सरकतात. चार-आठ दिवस जाळं हलकं येतं. पण जे मासे मिळतात ते खायला चांगलेच असतात.

गुप्त तळाचं म्हणाल तर देशात बांधलेल्या पहिल्या, अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीचं, आयएनएस अरिहंतचं, जलावतरण 26 जुलै 2009 ला विशाखापट्टणमला झालं, नौदलात ती 2016 साली आली. तिच्या अणुभट्टीची जमिनीवरची आवृत्ती आधी कल्पक्कमला चालवून बघितली. 14 ऑक्टोबर 2022 ला तिने क्षेपणास्त्र डागलं ते बंगालच्या उपसागरात. दुसरी, अरिघात, 29 ऑगस्ट 2024 ला विशाखापट्टणमलाच नौदलात दाखल झाली. सगळं पूर्वेला. महाराष्ट्राचा हात लागलाय तो भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आणि वालचंदनगरला घडलेल्या गिअरबॉक्सच्या रूपाने. पश्चिम किनाऱ्यावर पाणबुड्या फिरतात, तुम्हाला एखादी दिसलीही असेल. पण माझगाव डॉकला बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या डिझेल आणि विजेवर चालतात.

आणि विजयदुर्गला येऊन बघा तरी. खाडीत दिवसभर होड्या, किल्ल्यावर पर्यटक. 110 मीटरच्या आसपास लांबीचं धूड तिथे कुणाच्याच नजरेला पडलं नाही? बाहेरही आमचा समुद्र उथळ. दोन-अडीच तास होडी हाकली तरी तांडेल (होडीचा म्होरक्या) 25-30 वाव, म्हणजे साधारण 50 मीटर, पाणी सांगतो. क्षेपणास्त्रं घेऊन महिनोन्महिने दडून राहायला बांधलेल्या पाणबुडीला किनाऱ्याजवळ खोल पाणी लागतं, आणि ते विशाखापट्टणमकडे आपल्यापेक्षा खूप जवळ मिळतं.

'तरंगता अणुबॉम्ब' हा शब्द धडकी भरवण्यासाठी आहे. अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही, तिची रचनाच त्यासाठी नसते. 'रोज विषारी पाणी' हेही तसंच. भट्टीतून फिरणारं पाणी बंद नळ्यांत फिरतं, ते दुसऱ्या पाण्याची वाफ करतं, आणि समुद्राचं पाणी फक्त ती वाफ थंड करायला तिसऱ्याच नळ्यांतून जातं. अपघात होत नाहीत असं मी म्हणणार नाही. 1961 साली सोव्हिएत अणुपाणबुडी के-19 वर भट्टी थंड करणारी यंत्रणा फुटली आणि ती दुरुस्त करणारे आठ खलाशी काही आठवड्यांत गेले.

पण माशांचं काय होतं, याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. सोव्हिएत अणुपाणबुडी कोम्सोमोलेत्स 7 एप्रिल 1989 ला आग लागून नॉर्वेजियन समुद्रात बुडाली. 42 माणसं गेली. अणुभट्टी आणि अण्वस्त्रं असलेले दोन टॉर्पेडो घेऊन ती सुमारे 1,700 मीटर खोल अजून पडून आहे. नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेने 2019 साली यंत्र खाली पाठवून तिच्या एका नळीच्या तोंडाशी पाणी घेतलं. एका नमुन्यात लिटरला 800 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) इतकं किरणोत्सर्गी सिझियम निघालं, त्या समुद्रात एरवी असतं त्याच्या सुमारे आठ लाख पट. आकडा लपवला नाही, जाहीर केला. तरीही त्यांचा निष्कर्ष असा, की ते पाण्यात झपाट्याने विरतं आणि माशांना, खाणाऱ्यांना धोका नाही. जगभर मासे विकणारा देश तीस वर्षं बुडालेल्या, गळणाऱ्या पाणबुडीजवळचं पाणी तपासून हे सांगतो. आणि आमच्याकडे, जिथे अशी पाणबुडी बुडालेली नाही की बांधलेली नाही, तिथे वहिनीच्या ताटातला बांगडा काढून घेतला जातो.

मासळी आटली, हे खरं दुखणं आहे. त्याची कारणं अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीनच्या जाळ्यांत आणि मासे खेचायला रात्री लावलेल्या एलईडी दिव्यांत शोधा. 2016 साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 साली केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली. ती पाळली जाते का, हे काकीला विचारा.

सरकार या विषयात बोलत नाही, ही तक्रार माझीही आहे. भाभा केंद्रावरची अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख 2000 साली काढून घेतली, तेव्हापासून तिथलं बाहेरून तपासणारं कुणी नाही. तिथे प्रश्न विचारा, मी सोबत येते.

वहिनीला तिच्या डॉक्टरीणबाईंनी काल सांगितलं, बांगडा खा. रविवारी भाऊ इकडे येतोय. परत जाताना त्याच्या डब्यात काय द्यायचं, ते काकी सकाळी बंदरावर जाऊन ठरवणार आहे.