डोंगर न सांगता येत नाही

पावसाने जोर धरला की वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. परवा तो मला एकाच दिवशी चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘दरड ढगफुटीने कोसळते. शंभर वर्षं काही न झालेला डोंगर पक्का समजावा. झाडी दाट असेल तर भीतीच नाही. आणि दरड कधी येणार हे कुणालाच आधी कळत नाही.’ हेतू धीर द्यायचा असतो, पण असला धीर माणसाला नको त्या रात्री घरात झोपवून ठेवतो.

ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारने सांगितलं होतं. म्हणजे संततधार, आपल्या ओळखीचीच. तांदळाच्या पिठात बेताचं पाणी घातलं तर उंडा घट्ट राहतो. पाणी वाढत गेलं की भाकरी विसरून घावनच घालावे लागतात. उतारावरच्या मातीचं तसंच आहे. कण एकमेकांना घासून, रेलून उभे असतात. मुरलेलं पाणी खालच्या कातळाशी अडतं, मातीत तुंबतं आणि कणांमध्ये दाब धरतं. वरचं ओझं मग पाण्यावर तरंगू लागतं, कणांची पकड सुटते. तुंबायला वेळ लागतो, म्हणून दरड उघाडी पडल्यावरही येते. ‘थांबला पाऊस, चला घरी’ ही घाई त्यासाठीच नको.

शंभर वर्षांचा दाखला तर उलटाच पडतो. पायथ्याशी खोल माती आणि बारमाही झरा बघून वाडी वसते; ती माती पुष्कळदा जुन्या दरडीनेच आणून टाकलेली असते. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. शिवाय डोंगर तरी शंभर वर्षांपूर्वीचा कुठे राहिलाय? रस्त्यासाठी, घराच्या जोत्यासाठी आपण त्याचा पाय तोडतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटातून जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

झाडीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुळं साधारण वरची मीटर-दोन मीटर माती धरतात. घसरण त्याखालून झाली तर झाडं उभीच्या उभी खाली येतात. पण म्हणून कुऱ्हाड घेऊन निघू नका: तोडलेल्या झाडाची मुळं कुजायला काही वर्षं जातात आणि उतार तेव्हा कमकुवत होतो. तोवर ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो.

राहिलं ‘कळतच नाही’. अमुक दरड अमुक वाजता, असं सांगता येत नाही, हे कबूल. पण कोकण रेल्वेला तरी कुठला दगड सुटणार हे कुठे माहीत असतं? तरीही पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्यांचा वेग उतरतो, रुळांवर गस्त वाढते. अंदाज म्हणतात तो हाच: कुठला उतार, किती पाऊस झाल्यावर, किती धोक्याचा.

यातलं बरंचसं घरबसल्या जमतं. सरळ भिंतींचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून ओता. डबा रुंद असो की अरुंद, मिलिमीटर तेच येतात. दार अडकतंय यावर जाऊ नका, आपल्याकडे लाकूड पावसात फुगतंच. भिंतीत नवी तिरकी चीर, कलंडलेला विजेचा खांब, अचानक गढूळ झालेला झरा यांकडे बघा. आणि भर पावसात पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी एकाएकी आटलं तर वर कुठेतरी ते अडलंय. तेव्हा बघायला वर जाऊ नका, बाजूला पळा.

जमिनीला भेग दिसली की तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर मोजायचं. आमच्या परसामागे अशा दोन खुंट्या आहेत. जूनपासून अंतर हललेलं नाही. तरीही मोजपट्टी पडवीतच टांगलेली आहे.