‘गिरणी दाखवतो म्हणून मॉल दाखवला’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी अशा: गिरणगाव फेरीच्या नावाखाली लोअर परळचा मॉल दाखवला, धुराड्याशिवाय जुनं काही दिसलं नाही, आणि ‘गिरण्यांची एक-तृतीयांश जमीन घरांसाठी जाणार होती’ ही गाईडने मारलेली थाप आहे.

फिनिक्स मिल 1905 सालची. आजचा मॉल त्याच आवारात आहे, त्यामुळे ती गिरणी पाहायची तर मॉलमध्येच जावं लागतं. जुनं फार उरलेलं नाही, हे खरं. ते का उरलं नाही, हाच तर फेरीचा विषय आहे.

साचेखातं, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचा (साच्यांचा) विभाग, शक्यतो एकमजली बांधत. शेकडो साचे एकदम चालले की बसणारे हादरे वरच्या मजल्याला झेपत नाहीत. शिवाय तुटलेला धागा दिसायला दिवसभर सारखा उजेड हवा, म्हणून छप्पर करवतीच्या दातांसारखं आणि काचा उत्तरेकडे, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. सूतकताई मात्र मजल्यांवर चाले. मजल्यांच्या इमारतीत पुढे दुकानं-कचेऱ्या घालता येतात. एकमजली शेड ही बिल्डरच्या हिशेबी वाया गेलेली जमीन, त्यामुळे पाडापाडीत ती आधी जाते. धुराड्याला ‘नुसतं’ म्हणू नका. 1915 पासून खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली, तरी सुताला कांजी द्यायला आणि रंगाईला वाफ लागायचीच. बॉयलर राहिले, म्हणून धुराडीही राहिली. उंची शोभेची नव्हे. गरम धूर वर चढताना भट्टीत हवा ओढतो, आणि उंचीबरोबर ती ओढ वाढते.

आता ‘थाप’. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 वाचा. मोकळी जमीन आणि इमारती पाडून मोकळी होणारी जमीन, दोन्हींची वाटणी होती: ढोबळमानाने एक-तृतीयांश महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. इमारत राखून आतला वापर बदलला तर ही वाटणी लागू नव्हती. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली. पाडलेल्या शेडखालची जमीन मालकाकडेच राहिली. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा असते किती! उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मालकांविरुद्ध निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती टिकली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती 2012 मध्ये. गाईडचं वाक्य 1991 च्या नियमाबद्दल होतं आणि ते बरोबर आहे.

गिरणी कामगारांचा संप कधी मागे घेतला ते सांगितलं नाही, असंही लिहिलंत. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही, मग तारीख कुठली सांगणार? आणि क्रॉसरोड्स मॉल फेरीत का नाही म्हणाल, तर 1999 चा तो मॉल ताडदेवला औषध कंपनीच्या जागेवर झाला, गिरणीच्या नव्हे.

मॉलच्या आत गट थांबवून बोलायला परवानगी लागते, जागा खासगी आहे. म्हणून नियमाचा भाग सेनापती बापट मार्गाच्या फुटपाथवर, गाड्यांच्या आवाजात सांगितला जातो. तो नीट ऐकू आला नसेल तर पुढच्या कोणत्याही फेरीत तेवढ्या भागाला विनाशुल्क या. पैसे परत करण्याचं कारण मात्र आम्हाला दिसत नाही.