टूआयसींवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पलटणीतल्या टूआयसीवर (सेकंड-इन-कमांड), म्हणजे पलटणीचे प्रमुख असलेल्या सीओ साहेबांच्या खालोखालच्या अधिकाऱ्यावर मी लेख लिहिला. त्यावर आपण लिहिलंत: "टूआयसी म्हणजे वर्दीतला कँटीन मॅनेजर. लढतात ते सीओ आणि कंपनी कमांडर."

मतभेदाला माझी ना नाही. पण ही काय बोलायची रीत झाली? ज्या पदावर असताना माणसांनी जीव दिलाय, त्याबद्दल टोपणनावाआडून असं लिहायचं? एखाद्या माजी सैनिकाला समोर बसून हे ऐकवून बघा.

एक मान्य करतो. मेस, कँटीनवर टूआयसीची देखरेख असते. पण तेवढंच काम असतं हे आपल्याला कुणी सांगितलं?

मी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. टूआयसी साहेबांचं काम रोज डोळ्यांनी पाहिलंय. बर्फाने वाट बंद व्हायच्या आत वरच्या चौक्यांवर अख्ख्या हिवाळ्याचा साठा चढवावा लागतो. आमचे साहेब केरोसीनच्या जेरीकॅनचं बूच स्वतः उघडून आत काठी घालून बघायचे. एक कॅन कमी भरलेला निघाला की सगळी खेप पुन्हा मोजायला लावायचे. सामानसुमान सांभाळणारा क्वार्टरमास्टर वैतागायचा, पण जानेवारीत वर स्टोव्ह पेटायचा तो त्यामुळेच. गाड्या, खेचरं, दारूगोळा, सगळ्यावर त्यांची नजर. म्हणून सीओ साहेबांना नकाशासमोर निवांत बसता यायचं. आपण पलटणीत एक दिवस तरी काढलाय का?

आणि "लढतात ते सीओ" म्हणता, तर १९९९ च्या कारगिल युद्धातलं टोलोलिंग आठवा. १८ ग्रेनेडियर्स पलटणीचे टूआयसी लेफ्टनंट कर्नल आर. विश्वनाथन जवानांसोबत तो डोंगर चढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. मरणोत्तर वीरचक्र मिळालं त्यांना. कँटीन सांभाळल्याबद्दल मिळतं का ते?

सीओच पडला तर काय, याचा तर आपण विचारच केलेला दिसत नाही. ब्रिटन-अर्जेंटिनाच्या फॉकलंड युद्धात गूज ग्रीनला २८ मे १९८२ रोजी ब्रिटिशांच्या २ पॅरा या पलटणीचे सीओ जोन्स मारले गेले. लढाई ऐन भरात, हल्ला अडकलेला. टूआयसी मेजर कीबल यांनी सूत्रं हातात घेतली, लढाई पुढे नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पकडलेल्या दोन अर्जेंटिनी सैनिकांच्या हाती शरणागतीचा निरोप धाडला आणि जवळपास हजार जणांनी शस्त्रं खाली ठेवली. पलटणीची खडान्‌खडा माहिती असलेला दुसरा माणूस तयार नसता तर त्या दिवशी हुकूम कुणी दिला असता?

अधिकाऱ्यांची संख्या, पेन्शनचा बोजा वगैरे आपण जे पुढे लिहिलंय त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही. त्यात मी पडत नाही. मुद्दा असेल तर जरूर मांडा, उत्तर देईन. पण शहीद झालेल्या अधिकाऱ्यांच्या पदाची अशी टिंगल माझ्या पानावर पुन्हा दिसली, तर ती काढून टाकली जाईल.