डर्ट बाईकचं पासिंग का करून दिलं नाही: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या कावासाकी केएक्स २५० ला लाईट-इंडिकेटर लावून पासिंग करून द्यायला आम्ही नकार दिला, काम न करताच तपासणीचे पैसे घेतले आणि वर हीरोची एक्सपल्स ही रस्त्यावर चालणारी गाडी घ्यायचा सल्ला दिला. ‘अमेरिकेत गॅरेजवाले हे सर्रास करून देतात, यांना जमत नाही,’ असंही लिहिलंय. सेकंडहँड मोटोक्रॉस गाडी शोधणारे बरेच जण हे रिव्ह्यू वाचून निर्णय घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाईट लावणं आम्हाला जमतं. स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) रिवाइंड करायचा, रेक्टिफायर आणि छोटी बॅटरी टाकायची, मग हेडलाईट, हॉर्न, ब्रेक लाईटचा स्विच, आरसे. पण एवढं करूनही पासिंगच्या दिशेनं गाडी एक इंच सरकत नाही. आरटीओत नवी गाडी नोंदवायची तर फॉर्म २० च्या अर्जासोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि कंपनीचा फॉर्म २२ लागतो. ही गाडी प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम पाळते, रस्त्यावर चालवायला योग्य आहे, हे कंपनी फॉर्म २२ मध्ये लिहून देते. त्यासाठी आधी त्या मॉडेलला एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. बीएस ६ ची चाचणी आली, १२५ सीसीच्या वर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आलं. केएक्स आपल्याकडे फक्त स्पर्धेसाठी म्हणून विकली जाते, त्यामुळे तिला फॉर्म २२ मिळतच नाही. तुमच्या फाइलमध्ये बिल होतं, हा कागद नव्हता, आणि काम हातात घेण्याआधीच मी ते तुम्हाला दाखवलं होतं.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथं प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. ॲरिझोनासारख्या राज्यात ठरलेले भाग बसवून, तपासणी करून डर्ट बाईकला प्लेट मिळते. दोन ट्रेलना जोडणाऱ्या रस्त्यावर प्लेट लागते, म्हणून तिथले रायडर हा खटाटोप करतात. आपल्या कायद्यात ही वाटच नाही. उलट मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या तपशिलात बदल करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतलं कलम १८२अ बेकायदा बदल करून देणाऱ्या डीलरला एका गाडीमागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही सांगतं. आणि कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही डीलरच.

दुसरं एक गॅरेज जुन्या भंगार गाडीची आरसी लावून नंबर टाकून द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. सर, कळकळीनं सांगतो, हे करू नका. पोलिसांनी पकडलं तर काय, एवढाच हा प्रश्न नाही. उद्या गावातल्या वळणावर एखादं सायकलवरचं पोर आडवं आलं तर विमा कंपनी पहिल्यांदा चेसिस नंबर बघेल. विमा एका गाडीचा आणि अपघात दुसरीचा निघाला की हात वर करेल. मग नुकसानभरपाई तुमच्या खिशातून, आणि त्या पोराच्या आईबापाला पैसे कधी मिळतील याचा नेम नाही. आमच्या हातून तयार झालेली गाडी अशा जागी उभी राहावी, हे मला कदापि मान्य नाही.

आता पैशांचं. तपासणीत वाल्व्ह क्लिअरन्स बघितलं, फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) सील गळत होते ते दाखवले, एअर फिल्टर धुऊन तेल लावून बसवला. मागचं चाक उतरवून हबही तुमच्यासमोर धरला होता. त्यात रोडबाईकसारखे रबराचे डॅम्पर नाहीत. मातीत टायर थोडा घसरतो आणि झटका तिथंच जिरतो. डांबरावर तो घसरत नाही, मग प्रत्येक झटका चेनमधून सरळ गिअरबॉक्सवर जातो. या इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. समजा उद्या पासिंग झालंच असतं, तरी पुण्याहून ताम्हिणीपर्यंत रस्त्यानं जायची ही गाडी नव्हे.

एक्सपल्स सुचवली त्यात आम्हाला कुठल्या शोरूमकडून एक रुपया मिळत नाही. एक्सपल्स २०० फोर व्ही प्रो ला पुढे २५० मिमी आणि मागे २२० मिमी सस्पेन्शन ट्रॅव्हल आहे, ग्राउंड क्लिअरन्स २७० मिमी, आणि पासिंग शोरूममधूनच होतं. बजेट जास्त असेल तर कावासाकीचीच केएलएक्स २३० आहे, तीही नंबर प्लेटसह मिळते.

आणि प्लेट म्हणजे जंगलाचा परवाना नव्हे. ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं आत गाडी घालायची नाही, मग ती पासिंगची असो वा नसो. पठारांवर तर परवानगीचा विषयही काढू नये असं माझं मत आहे. कातळावर जेमतेम बोटभर माती असते, पावसानंतर त्यावर सीतेची आसवं फुलतात. डर्ट बाईकच्या खडबडीत नॉबी टायरचा एक चर पडला की पुढच्या पावसात तिथून पाणी वाहतं आणि माती घेऊन जातं. पाणंद रस्ते, घाटाखालच्या कच्च्या वाटा, गावकऱ्यांना विचारून मिळालेली पडीक जमीन, एवढ्यात रायडिंग भरपूर होतं.

तुमची केएक्स उत्तम गाडी आहे, ती विकू नका. छोटा हत्तीत टाकून खाजगी ट्रॅकवर न्या. फोर्क सीलचं काम अजून बाकी आहे. ते करायला आणाल तेव्हा तुमच्या वजनाप्रमाणे सॅगही (तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबावं ते) लावून देऊ. आणि जे कुणी अशी गाडी घ्यायच्या बेतात आहेत त्यांनी पैसे देण्याआधी कागदांचे फोटो घेऊन गॅरेजवर या. फॉर्म २२ आहे की नाही ते बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.