लसणाच्या पाण्याने ऑर्किड उठत नाही

आमच्या कॉलेज रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरला: “पानं लुळी पडलेलं ऑर्किड ७ दिवसांत ताजंतवानं! पानांना लसणाचं पाणी, आठवड्याला बर्फाचे ३ खडे, कुंडीत काळी माती आणि शेणखत.” दोघीतिघींनी लगेच लसूण सोलायला घेतला, म्हणून हे लिहितोय.

पानं सुरकुतली म्हणजे झाड तहानलंय, इथवर मेसेज बरोबर. पण कुंडी ओली असताना तहान का? कारण बहुतेक वेळा मुळं कुजलेली असतात. पाणी आहे, ओढणारं कुणी नाही. आपण आणखी पाणी ओततो आणि उरलेली मुळंही जातात. झाड कुंडीतून काढून बघाच. घट्ट, रुपेरी किंवा हिरवं मूळ जिवंत. दाबल्यावर पिचकणारं, वरचं आवरण निघून आत नुसता दोरा राहणारं मेलेलं. ते ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा आणि झाड दिवसभर सावलीत कोरडं होऊ द्या. लसणाने पानं चकाकतात, ती पुसली गेल्यामुळे.

बर्फाची मात्र उगाच बदनामी नको. ओहायो आणि जॉर्जियातल्या विद्यापीठांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बर्फाने फॅलेनॉप्सिसचं (बाजारात मिळतं ते बहुधा हेच) काही बिघडलं नाही. पण ती झाडं धडधाकट होती. मुळंच नसतील तर बर्फ काय आणि गोदेचं पाणी काय!

काळी माती मात्र जीवघेणी. फॅलेनॉप्सिस मुळात झाडाच्या खोडाला धरून वाढतं. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. भिजायचं, मग वाऱ्यावर सुकायचं, ही त्याची सवय. पावसाच्या तोंडावर त्र्यंबककडे फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी (तीही ऑर्किडच) पाहिलीय ना? तिला शेणखत कोण घालतं? सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, थोडं नारळाचं सोडण आणि भोकांची कुंडी एवढं पुरे.

राहिले ते ७ दिवस. नवं मूळ फुटायला आठवडे लागतात, कधी महिने; नाशिकच्या डिसेंबरात तर वाढ जवळजवळ थांबतेच. तोवर पूर्वेची खिडकी, आणि सकाळी बेताचं पाणी. गाभ्यात पाणी साचू देऊ नका. मधलं कोवळं पान काळं पडून अलगद हातात आलं, तर शेंडा गेला. मग बुंध्यातून पिल्लू फुटलं तरच आशा.